नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या खासगी अनुदानित शाळांच्या भरतीच्या जाहिराती ज्यांनी पूर्वी वाचल्या असतील, त्यांना त्यांची भाषा पाठ असेल. ‘खालील रिक्त पद भरणे आहे’, मग पद, पात्रता, बिंदुनामावलीप्रमाणे प्रवर्ग आणि शेवटी ‘उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे’. नियमाला मोठ्या खपाचं वर्तमानपत्र लागतं. प्रत्यक्षात जाहिरात बरेचदा अशा पेपरात यायची, की ज्याचा अंक त्या गावच्या एसटी स्टँडवरही मिळू नये. मुलाखतीला तिघं-चौघं येत. त्यांतल्या एकाची निवड आधीच झालेली असे आणि उरलेले कागद पुरा करायला आलेले असत. हे गुपित नव्हतं. दारव्हा-दिग्रसपासून वणी-मारेगावपर्यंत चहाच्या टपरीवर कोणीही सांगे, की अमुक शाळेत जागा ‘निघाली’ आहे आणि ती ‘भरली’ही आहे.

आता हे काम संगणकावरून होतं. उमेदवार अभियोग्यता चाचणी देतो, ‘पवित्र’ या सरकारी भरती पोर्टलवर पसंतीक्रम भरतो आणि यादीत नाव येण्याची वाट पाहतो. एवढा बदल होऊनही शिक्षक नेमका कोणी निवडायचा, हा प्रश्न सुटलेला नाही. तो सुटत नाही याचं कारण जुनं आहे. अनुदानित शाळेत नेमणुकीच्या आदेशावर सही संस्थेची असते आणि पगार सरकारी तिजोरीतून येतो. भरतीतला बहुतेक गैरव्यवहार, बहुतेक कोर्टकचेऱ्या आणि बहुतेक दिरंगाई या दोन टोकांमधल्या जागेत जन्माला आली आहे.

ही रचना इंग्रजांच्या काळातली. १८५४च्या वूडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण आणलं. वऱ्हाडात त्याचा खरा विस्तार विसाव्या शतकात झाला. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि तिच्या शाळा विदर्भभर पसरल्या. पुसद, वणी, उमरखेड अशा तालुक्यांच्या गावी स्थानिक पुढाऱ्यांनी, वकिलांनी, जमीनदारांनी आपापली मंडळं उभी केली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात खेड्यापाड्यांत हायस्कूल पोहोचण्याला वेग आला. सरकारकडे एवढ्या शाळा काढायची ताकद नव्हती, गावच्या माणसांनी जागा दिली, वर्गणी दिली, टिनाच्या शेडमध्ये आठवीचा वर्ग सुरू केला. मास्तरही त्यांनीच शोधला. कोणी वसतिगृहातला हुशार पोरगा पदवीधर झाल्याबरोबर बोलावून घेतला, कोणी नात्यातला लावला. या पिढीतल्या संस्थाचालकांनी काही फार चांगले शिक्षक निवडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला गावात राहायचं आहे, पोरांना ओळखायचं आहे असा माणूस त्यांना नजरेनं कळत होता.

पण त्याच नजरेची मर्जी फिरली की मास्तर घरी. पगार अनियमित, सही एका आकड्यावर आणि हातात पडे दुसराच. संस्थेच्या कार्यक्रमाला वर्गणी, निवडणुकीला प्रचार, उन्हाळ्यात प्रवेशासाठी दारोदार फिरणं. सुट्टीआधी कमी करायचं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचं, म्हणजे सेवा सलग होत नाही, हा तर सर्रास वापरातला डाव. शिक्षक संघटनांच्या लढ्यातून महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आला आणि १९८१मध्ये त्याची नियमावली. शाळेत त्याला नुसतं ‘एमईपीएस’ म्हणतात. कलम ५ने व्यवस्थापनावर बंधन घातलं, की कायम रिक्त जागा शक्य तितक्या लवकर पात्र माणसाने भरायची, आधी अतिरिक्त शिक्षक उपलब्ध आहे का हे शिक्षण खात्याला विचारायचं, आणि नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर करायची. कलम ९ने काढून टाकलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाचं दार उघडून दिलं. यवतमाळच्या शिक्षकाला त्यासाठी अमरावती गाठावी लागते, आणि तिथून पुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

कायदा चांगला होता, आजही आहे. त्याने नोकरीला संरक्षण दिलं. पण निवड कशी करायची यावर तो जवळजवळ गप्प राहिला. पात्रता सांगितली, जाहिरात सांगितली, शाळा समिती सांगितली. उमेदवाराकडून वर्गात पाठ घेऊन पाहायचा का, गुण कसे द्यायचे, त्याची नोंद कुठे ठेवायची, याचा पत्ता नाही. नोकरी पक्की आणि निवड मोकळी, असं जिथे असतं तिथे त्या निवडीला किंमत येते. ती आलीच.

‘डोनेशन’ हा शब्द विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी होता. आपल्याकडे तो शिक्षकाच्या नोकरीला लागला. कापसावर जगणाऱ्या या जिल्ह्यात पोरगा मास्तर व्हावा म्हणून बापाने वावर विकल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात. हिशेब सरळ असतो: एकदाच द्यायचं, मग तीस वर्षं वेतन, आणि लग्नाच्या बाजारात ‘अनुदानित शाळेवर आहे’ हे वाक्य. पैसे संस्थेला ‘इमारत निधी’ म्हणून जातात, पावती मिळत नाही. ज्याने वावर विकून नोकरी मिळवली, तो पुढे शाळेत कोणाविरुद्ध तोंड उघडणार?

नेमणूक झाली म्हणजे काम झालं, असंही नाही. विद्यार्थी संख्येवरून संच मान्यता होते, तीत पद मंजूर असावं लागतं. मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली तपासून आणावी लागते. समितीचा ठराव, नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव. मान्यता मिळाली की अमरावतीच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून शालार्थ या वेतनप्रणालीतला क्रमांक, आणि तेव्हा कुठे पगार सुरू. यांतल्या प्रत्येक टेबलावर फाइल थांबू शकते. नेमणूक वैध ठरायला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता ही पूर्वअट नाही, ती फक्त अनुदानापुरती आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वीच सांगून ठेवलं आहे. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर. पण पगाराविना शिक्षकपण वैध असणं म्हणजे काय, हे ज्याची मान्यता वर्षानुवर्षं अडकली त्यालाच विचारावं.

सरकारनेही स्वतःचा खर्च वाचवायला या पायवाटेवर आणखी काटे टाकले. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पूर्ण वेतन नाही, ठरावीक मानधन. ते पुढे वाढून प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये झालं आणि तो आकडा कित्येक वर्षं हलला नाही. जानेवारी २०२३पासून तो अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाला. दुसरा काटा ‘कायम विनाअनुदानित’चा. २००१पासून नव्या शाळांना परवानगी देताना, अनुदान कधीच मागणार नाही, अशी अट घातली गेली. २००९मध्ये ‘कायम’ शब्द काढला, मग मूल्यांकन, मग २०१६पासून २० टक्के अनुदानाचा पहिला टप्पा. पुढचे टप्पे आझाद मैदानावर बसून, एकेक करून मिळवावे लागले. या शाळांत लागलेल्या माणसांनी नेमणूक घेतली ती पुढे कधीतरी अनुदान येईल या आशेवर. काही जण त्या आशेवर पन्नाशीला आले. सकाळी वर्ग, दुपारी वावरात किंवा दुकानात, असं आयुष्य काढलेले शिक्षक जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात भेटतील. त्यांना पगारी शिक्षकांची ‘अशैक्षणिक कामां’ची तक्रार हसण्यासारखी वाटते.

मग आली बंदी. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावरची लाखो मुलं वर्गात नसल्याचं उघड झालं. मुलं खोटी म्हणजे तुकड्या खोट्या, तुकड्या खोट्या म्हणजे पदं जास्त. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, असा आदेश २ मे २०१२ रोजी निघाला. गणित, विज्ञान, इंग्रजीला सवलत मिळाली खरी, पण सवलतीच्या खिडकीतून कायकाय आत आलं, ते पाहायला पुढे बंदीनंतरच्या मान्यतांची चौकशी लागली. बंदीचा खरा फटका बसला तो डी.एड., बी.एड. झालेल्या पोरांना. त्याआधीच्या दशकात राज्यात डी.एड. विद्यालयांचं पीक आलं होतं. २०१०ची शिक्षकभरतीची परीक्षा झाल्यावर जिल्हा परिषदांचीही मोठी भरती बरीच वर्षं झाली नाही. एक अख्खी पिढी पदविका घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसली.

शिक्षण हक्क कायद्यानंतर पात्रता परीक्षा बंधनकारक झाली आणि १५ डिसेंबर २०१३ रोजी महाराष्ट्राची पहिली टीईटी झाली. परीक्षा आली म्हणजे गुणवत्ता आली असं मानणाऱ्यांना २०२१ने धडा दिला. २०१९-२०च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात निघालं आणि पुढच्या वर्षी ७,८००हून अधिक उमेदवारांवर बंदी आली. बाजार गावातून उठला तो पुण्यात भरला, एवढाच फरक. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितलं. वीस वर्षं शिकवणारा माणूस आता रात्री बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवतो आहे. हे न्याय्य की अन्याय्य, यावर शिक्षक खोलीत रोज वाद होतात. माझ्या मते तपासायचंच असेल तर त्याचा वर्ग तपासावा, पर्यायांचे गोल कशाला?

जून २०१७च्या निर्णयाने पवित्र पोर्टल आलं आणि त्या डिसेंबरात पहिली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली: २०० गुण, १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. संस्थाचालक खवळले. शाळा आम्ही काढली, इमारत आमची, आणि मास्तर पुण्यातला संगणक पाठवणार? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तडजोड अशी निघाली, की खासगी संस्थेला मुलाखतीचा पर्याय राहील. पोर्टल गुणानुक्रमे आधी एका जागेसाठी दहा, पुढे तीन उमेदवार पाठवील, संस्था त्यांची मुलाखत घेईल, अध्यापन कौशल्यासह ३० गुण देईल आणि त्यांतून निवडील. मुलाखतीशिवायचा मार्गही खुला ठेवला. अल्पसंख्याक संस्था घटनेच्या कलम ३०चा आधार घेऊन या सक्तीबाहेर राहिल्या. पुसद, उमरखेड, दिग्रस भागातल्या उर्दू शाळांचा प्रश्न म्हणून वेगळाच आहे.

पवित्रने काय साधलं? एक गोष्ट नक्की. ज्याच्या मागे ना पैसा ना ओळख, असा पोरगा किंवा पोरगी केवळ गुणांवर शाळेत लागली. झरी-जामणीच्या शेतमजुराच्या मुलीला कोकणात नोकरी मिळाली, लातूरचा पोरगा घाटंजीला आला, असं पूर्वी घडत नव्हतं. फेब्रुवारी २०२४मध्ये एका यादीत ११ हजारांवर उमेदवारांची मुलाखतीशिवाय शिफारस झाली. कोणी काहीही म्हणो, हे मोठं काम आहे आणि ते मोडू नये.

जे साधलं नाही ते वेळेच्या बाबतीत. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ची, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ची, तिसरी मे-जून २०२५ची. मधली पाच वर्षं जुन्याच गुणांवर चालली. शाळेत गणिताचा शिक्षक जूनमध्ये निवृत्त होतो आणि त्याच्या जागी माणूस यायला तीन वर्षं लागतात. तोवर तासिका तत्त्वावर, नाहीतर हिंदीच्या मास्तरकडे गणित. अनेक संस्थांनी तर पोर्टलवर जाहिरातच टाकली नाही. मनासारखा माणूस घेता येत नसेल तर जागा रिकामी बरी, असा हा रुसवा आहे आणि तो पोरांच्या जिवावर चालतो.

मुलाखतीच्या ३० गुणांचं तरी काय होतं? तीन उमेदवार आले, त्यांना कोणत्या इयत्तेपुढे उभं केलं, कोणता घटक शिकवायला दिला, गुण कोणी दिले, याची नोंद क्वचितच कोणाला पाहायला मिळते. संस्थांनी निवडीचा हक्क कोर्टात भांडून मिळवला. निवडीचे निकष मात्र कागदावर आणले नाहीत. म्हणून त्यांच्या हक्काच्या भाषेवर विश्वास बसत नाही.

हा तंटा फक्त आपला नाही. केरळात १९५७मध्ये नंबुद्रीपाद सरकारच्या शिक्षण विधेयकाने अनुदानित शाळांतले शिक्षक लोकसेवा आयोगाने निवडावेत असं ठरवलं. त्यावरून पेटलेल्या ‘विमोचन समर’ने ३१ जुलै १९५९ रोजी सरकारच घालवलं. पुढे ते कलम गेलं आणि तिथे नेमणूक आजही शाळेच्या व्यवस्थापकाच्या हाती आहे. उलट टोकाला पश्चिम बंगाल. तिथे शालेय सेवा आयोग शिक्षक निवडतो, आणि त्याच्याच २०१६च्या भरतीत उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये २५ हजारांहून अधिक नेमणुका रद्द केल्या. अधिकार खाली ठेवला तर पैसा खाली गोळा होतो, वर नेला तर वर.

आपल्या शेजारीच याचं तिसरं रूप दिसलं. नागपूर विभागात २०२५मध्ये बनावट शालार्थ क्रमांकांचं प्रकरण फुटलं. कधी नेमणूकच झाली नाही, किंवा जुन्या तारखेचे कागद करून दाखवली गेली, अशा शेकडो नावांवर वेतन निघत होतं. अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक बसलं. पवित्रने पुढचं दार बंद केलं तेव्हा मागच्या तारखेचं दार उघडंच होतं. यवतमाळ अमरावती विभागात मोडतो. पण मान्यता आणि शालार्थची पद्धत दोन्हीकडे एकच.

स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांची भरती मात्र झटपट. २०१२च्या कायद्याने त्या वाढल्या. एप्रिलमध्ये फलक लागतो, मेमध्ये डेमो लेक्चर, जूनमध्ये रुजू. पाठ घेऊन पाहण्याची शिस्त यांच्याकडे अनुदानित शाळांपेक्षा बरी आहे. पगाराची शिस्त विचारू नये.

आता ज्या बाबीकडे या साऱ्या वादात कोणाचं लक्ष नसतं, तिच्याकडे येतो. केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी या भागांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत, जिल्हाभर बंजाऱ्यांचे तांडे आहेत. पहिलीत येणारं पोर घरी कोलामी बोलतं. ती द्राविडी कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचा सांधा जुळत नाही. तांड्यावरचं पोर गोरमाटी बोलतं. या वर्गापुढे उभं राहणाऱ्याला त्यांची भाषा थोडीतरी येते का, हा प्रश्न ना टीईटीत, ना अभियोग्यता चाचणीत, ना संस्थेच्या मुलाखतीत. राज्यपालांच्या २०१४च्या अधिसूचनेने पेसा, म्हणजे अनुसूचित, क्षेत्रातली १७ संवर्गांची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवली, त्यांत शिक्षक आहेत. तो विषय सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि २०२४मध्ये उमेदवारांना उपोषणं करून मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुका मिळवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी आदिवासी विकास विभागाने शासकीय आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकपदं बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदाराकडून भरायचं ठरवलं. वर्षानुवर्षं तासिकेवर शिकवलेले शिक्षक बिऱ्हाड घेऊन नाशिकला रस्त्यावर बसले.

गावाने स्वतः शिक्षक निवडल्याचा एक प्रयोग मात्र आपल्याकडे होऊन गेला आहे. वस्तीशाळा. २०००च्या सुमारास दूरच्या वस्त्या, तांडे, पोड यांच्यासाठी ही योजना आली. ग्राम शिक्षण समितीने गावातलाच शिकलेला तरुण किंवा तरुणी स्वयंसेवक म्हणून निवडायची, मानधन महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. वर्ग कधी समाजमंदिरात, कधी कोणाच्या ओसरीत. पात्रता तोकडी होती, प्रशिक्षण जेमतेम. पण मास्तर वस्तीवर राहत होता आणि पोरांच्या भाषेत बोलत होता, त्यामुळे पोर शाळेत येत होतं. या निमशिक्षकांना शासनाने नियमित सेवेत घेतलं ते मार्च २०१४मध्ये, दशकभराच्या आंदोलनानंतर. त्यांची पिळवणूक झाली हे खरंच. पण गावाला आपला शिक्षक निवडता येतो, एवढं तरी या योजनेने दाखवून दिलं होतं. त्यातून शिकण्याऐवजी योजना गुंडाळली गेली आणि शिकवणही तिच्याबरोबर गेली.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले. नेमणुकीत त्यांना आवाज नाही, अनुदानित शाळांत तर समितीचं काम कायद्यानेच सल्ल्यापुरतं आहे. म्हणून शिक्षक नसला की पालकांच्या हातात उरतं ते शाळेला कुलूप ठोकणं, किंवा पोरांना घेऊन जिल्हा परिषदेच्या आवारात शाळा भरवणं.

माझं मत स्पष्ट आहे. पात्रता आणि गुणवत्ता यादी राज्याकडेच राहावी, ती दर वर्षी ठरलेल्या महिन्यात लागावी. त्या यादीतला कोण कोणत्या वर्गापुढे उभा राहील, हे ठरवताना शाळेला हक्क असावा, पण प्रत्यक्ष वर्गात पाठ घेऊन, गुण लिहून, ते पोर्टलवर सगळ्यांना दिसतील असे टाकून. पेसा गावांत आणि तांड्यांवर स्थानिक भाषेला गुण असावेत आणि त्या पाठाला दोन पालक बसावेत. मान्यता निवडीच्या आधीच मिळालेली असावी. पद मंजूर, बिंदू तपासलेला, तर रुजू झाल्याच्या महिन्यापासून पगार. नंतरच्या फाइलींचा प्रवास बंद केला तर अर्धी दुकानं आपोआप बंद होतील. संस्थांना हे जाचक वाटत असेल, तर त्यांनी शिक्षकाचा पगार स्वतः द्यावा.

तोवर वाचकांना करता येण्यासारखं एक काम आहे. आपल्या गावच्या अनुदानित शाळेची संच मान्यता मागा. मुख्याध्यापकांनी दिली नाही, तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, यवतमाळ यांच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकाम्या पदांची जाहिरात संस्थेने पोर्टलवर दिली का, आणि मुलाखतीला आलेल्यांना किती गुण दिले, एवढे चार प्रश्न विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.